मोरीची जागा

घरात डिशवॉशर बसवायचे ठरले की पहिले तीन प्रश्न जागेचे असतात. पाणी कुठून घ्यायचे, सांडपाणी कुठे सोडायचे आणि विजेचा पॉइंट कुठे आहे. यांतला विजेचा प्रश्न नवा. बाकीचे दोन मराठी घराने पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेले आहेत, आणि ते जिथे सुटतात त्या जागेला मोरी म्हणतात. भांडी घासण्याचा इतिहास बराचसा या जागेच्या स्थलांतराचा इतिहास आहे. मोरी आधी परसात होती, नळाच्या पाण्याबरोबर खोलीच्या कोपऱ्यात आली, सिंकच्या रूपाने ओट्यावर चढली, पुढे फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत गेली. यंत्र आले तेव्हा त्यालाही तिच्याच शेजारी उभे राहावे लागले.

जुन्या घरात ही जागा स्वयंपाकघरापासून दूर असे. कोकणात विहिरीजवळ, दगडी डोणीच्या कडेला; देशावरच्या वाड्यात मागच्या चौकात, आडापाशी. खाली फरसबंदी, एका बाजूला उतार, उताराच्या टोकाला पन्हळ. पन्हळीतून जाणारे पाणी वाया जात नसे. त्याच्या वाटेवर केळी, अळू, कर्दळ लावलेली असे. जुन्या घरामागे आजही अळूचे दाट बन दिसले, तर तिथे मोरीचे पाणी सुटत होते असे खुशाल समजावे. ताटे-पातेली पहिल्यांदा विसळलेले पाणी मात्र पन्हळीत जात नसे. ते खरकटवणी. ते वेगळ्या भांड्यात धरून गाईम्हशींपुढे ठेवले जाई. अन्नाचा कण पाण्याच्या वाटेला लागण्याआधीच बाजूला निघे, त्यामुळे पन्हळ तुंबण्याचा प्रश्न फारसा येत नसे. डिशवॉशरच्या तळाशी असलेली जाळी आज नेमके हेच काम करते, आणि ती वेळच्या वेळी काढून धुतली नाही तर यंत्राला वास मारू लागतो.

घासण्याचे साहित्य चूल पुरवी. सकाळी चूल सारवण्याआधी राख उपसायची, कोळसे वेचून काढायचे आणि राख चाळून मोरीजवळच्या फुटक्या मडक्यात भरून ठेवायची. घासणी म्हणजे नारळाच्या सोडणाचा काथ्या, नाहीतर जुन्या सुंभाचा बोळा. घासणारी बाई उकिडवी बसे. मोठे पातेले आडवे करून पावलांच्या मध्ये धरायचे, डाव्या हाताने फिरवत राहायचे आणि उजव्या हातातला राखेचा ओला बोळा बुडापासून काठाकडे नेत राहायचा. बूड काळे होऊच नये म्हणून जाणत्या बाया भांडे चुलीवर चढवण्याआधी त्याला बाहेरून राखेचा किंवा मातीचा पातळ लेप देत. काजळी लेपावर बसे आणि घासताना लेपाबरोबर सुटून येई. या युक्तीने हाताचे निम्मे श्रम वाचत.

राखेत घासण्याचा गुण कुठून येतो हे आता रसायनशास्त्राने सांगता येते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात विरघळून पाणी क्षारधर्मी करते. असे पाणी तेला-तुपाचा थर फोडते आणि त्यातल्या काही भागाचा चक्क मऊ साबण होतो. उरलेली न विरघळणारी बारीक पूड खरवडण्याचे काम करते. तांब्यापितळेवर चढणारा काळपट थर मात्र क्षाराने जात नाही, त्याला आंबट लागते. देशावर चिंच, कोकणात आमसूल, कुठे शिळे ताक, कुठे मीठ लावलेले लिंबू. म्हणजे मोरीवर क्षार आणि आम्ल असे दोन्ही हाताशी असत, आणि कोणते कशाला लावायचे हे घरातल्या आठ वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असे.

घासायच्या भांड्यांची संख्या तेव्हा आजच्यापेक्षा कमी होती हेही ध्यानात घ्यायला हवे. पंगत पळसाच्या पत्रावळीवर किंवा केळीच्या पानावर बसे. जेवण झाले की पान उचलून उकिरड्यावर किंवा गोठ्यात. मोरीवर येत ती रांधायची आणि वाढायची भांडी: तपेली, पातेली, कढया, पराती, ओगराळी. ती संख्येने थोडी, पण वजनाने भारी. रोजच्या जेवणाला प्रत्येकी ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा ही मांडणी घराघरांत रुळली तेव्हा मोरीवरचा ढीग वाढला.

स्वच्छतेच्या जोडीला खरकट्याचा विचार होता. शिजलेले अन्न लागले की भांडे खरकटे, तोंड लागले की उष्टे. दोन्ही सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चालत नसत. मोरी लांब असण्याचे एक कारण पाणी आणि दुसरे कारण हे. भांडी घासण्याचे काम घरातल्या सुनांकडे किंवा आश्रयाला असलेल्या विधवांकडे येई. सधन घरांत मोलकरीण असे. सोवळे कडक पाळणाऱ्या घरांत मोलकरणीने घासलेली भांडी बाहेरच पालथी घातली जात. घरातली बाई त्यांवर पाणी ओतून, पुन्हा विसळून मगच ती आत नेई. ज्या हातांनी भांडे लख्ख केले त्याच हातांचा स्पर्श धुऊन काढायचा, हा अपमान मोरीच्या कट्ट्यावर रोज घडत होता आणि घराला त्यात काही वावगे वाटत नव्हते. भांडी घासण्याच्या कामाला आपल्याकडे इतकी कमी प्रतिष्ठा आणि इतकी कमी मजुरी का मिळाली, याचे उत्तर बरेचसे या दुसऱ्या विसळण्यात आहे.

मोरी घराच्या आत आली ती नळामुळे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १८व्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने शहरात आणले गेले. ते हौदांत पडे, आणि हौदावरून भरून आणावे लागे. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी शहराला मिळू लागले, १८९२ साली तानसाचे. गिरण्यांबरोबर चाळी उभ्या राहिल्या आणि चाळीच्या खोलीत मोरी कोपऱ्यात येऊन बसली. तीन-साडेतीन फुटांचा चौकोन, भोवती चार-सहा इंचांचा कठडा, भिंतीशी एक भोक. याच चौकोनात अंघोळ, धुणे, भांडी आणि कडेला पाण्याचे पिंप. परसात ज्या चार गोष्टी चार जागी होत्या त्या एका कोपऱ्यात आल्या आणि घड्याळाप्रमाणे एकामागून एक होऊ लागल्या. नळ पहाटे तास-दोन तास येई. रात्रीची भांडी एक तर साठवलेल्या पाण्यात घासायची, नाहीतर भिजत घालून नळाची वाट पाहायची. दोन बादल्यांत सगळी भांडी काढण्याचे कौशल्य चाळीत पक्के झाले: पहिल्या पाण्यात राख उतरवायची, दुसऱ्या पाण्यात विसळायचे, आणि दुसरे पाणी नितळ राहिले असेल तर त्याच पाण्याने मोरी धुऊन टाकायची.

या काळापर्यंत भांडी तांब्यापितळेची होती आणि त्यांना कल्हई लागे. पितळेच्या उघड्या भांड्यात ताक, आमटी किंवा कोणताही आंबट पदार्थ कळकतो. हिरवट होतो, तोंडाला कडू लागतो आणि पोटाला बाधतो. म्हणून आतून कथलाचा मुलामा. कल्हईवाला आळीत आला की अंगणात खड्डा करून कोळसा पेटवी आणि भात्याने फुलवी. भांडे चिमट्यात धरून तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायची. पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठे. तेवढ्यात कथलाची कांडी आत टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे तापल्या पितळेवर ते क्षणात पाण्यासारखे पसरते. बोळ्याचा एक सफाईदार फेर, आणि काळपट भांड्याच्या पोटात चांदी उजळे. लगेच पाण्यात बुडवले की चर्र आवाज. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ही भांडी घडवणाऱ्यांची वस्ती. घडवणारा तांबट, कल्हई करणारा कल्हईवाला आणि रोज घासणारी बाई अशी ती साखळी होती. राखेने जोरात घासले की कल्हई लवकर उतरे, म्हणून आतून हलका आणि बाहेरून भारी हात चालवायचा, हेही शिकवावे लागे.

स्टेनलेस स्टीलने ही साखळी तोडली. शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली गंज न धरणारे क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले. मराठी मध्यमवर्गीय घरांत स्टीलची भांडी स्वातंत्र्यानंतर दोन-तीन दशकांत पसरली. मुंबईजवळचे भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाऊ लागले. बोहारीण जुने कपडे घेऊन स्टीलचा डबा किंवा पातेले देई. लग्नात, बारशाला, मंगळागौरीला स्टीलचे भांडे द्यायचे आणि त्यावर नाव आणि तारीख कोरून घ्यायची ही रीत पडली. स्टीलला कल्हई नको, चिंच नको. पितळी हंडे माळ्यावर गेले, पुष्कळसे मोडीत निघाले, आणि कल्हईवाल्याची हाक हळूहळू बंद झाली. स्टीलचा आणखी एक परिणाम फार पुढे दिसायचा होता: यंत्रात निर्धास्त टाकता येतील अशी भांडी घराघरांत आपोआप जमा होत होती.

राख गेली ती गॅसमुळे. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत बर्शेन नावाने सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. पुढच्या तीसेक वर्षांत शहरांतल्या चुली, शेगड्या आणि स्टोव्ह मागे पडले. अंघोळीच्या पाण्याचा बंब जोवर पेटत होता तोवर काही वाड्यांत राख मिळत राहिली. बंबही गेला तेव्हा भांडी घासण्याचे साहित्य पहिल्यांदाच दुकानातून विकत आणावे लागले. आधी पावडर आली. १९९३ साली हिंदुस्तान लीव्हरने विमची वडी आणली आणि प्लास्टिकच्या डबीतली ओली वडी व हिरवी घासणी ही जोडी सिंकच्या कडेवर कायमची बसली. तांब्यापितळेची देवाची भांडी उरली होती, त्यांच्यासाठी ठाण्यात १९८९ साली सुरू झालेल्या पितांबरीची पूड चिंचेच्या जागी आली. फुकट मिळणारी राख जाऊन दरमहा किराण्याच्या यादीत एक ओळ वाढली. ही सवय पुढे यंत्राच्या मीठ-पावडरीला उपयोगी पडली.

दरम्यान स्वयंपाक जमिनीवरून उठून उभा राहिला होता. १९६०-७० नंतरच्या सहकारी सोसायट्यांच्या इमारतींत कडप्प्याचा ओटा आला. बाई उभ्याने रांधू लागली, तसे भांडी घासणेही उभ्याने सुरू झाले. ओट्याच्या टोकाला सिंक बसले. ते लहान असे. पेले, वाट्या, ताटे त्यात मावत; परात आणि मोठे पातेले मावत नसे. शिवाय घरी येणाऱ्या मोलकरणीने ओट्याशी उभे राहून घासायचे की खाली बसून, यावर घराघरांत न बोलता ठरलेला नियम होता. म्हणून फ्लॅटमध्ये मोरी वेगळ्या रूपाने पुन्हा आली. स्वयंपाकघरामागे एक चिंचोळी बाल्कनी, तिला खाली नळ, उतार आणि जाळी. पुणे-मुंबईचे बिल्डर तिला ड्राय बाल्कनी म्हणतात. नाव कोरडे, पण घरातली सगळ्यांत ओली जागा तीच. परसातली मोरी चौथ्या मजल्यावर चढली ती अशी.

त्या बाल्कनीत बसून भांडी घासणाऱ्या बायांनी १९८० साली पुण्यात संप केला. वाढती महागाई, वर्षानुवर्षे न वाढलेला पगार, आजारपणात कापला जाणारा खाडा ही त्यांची गाऱ्हाणी होती. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस या मागण्या तिने लावून धरल्या. भांडी घासणे हे मोजता येण्यासारखे, दर ठरवता येण्यासारखे काम आहे, हे शहराने तेव्हा पहिल्यांदा ऐकले. कायदा यायला मात्र आणखी २८ वर्षे लागली; महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ सालचा आहे.

भांडी धुण्याचे यंत्र याच्या कितीतरी आधी अमेरिकेत तयार झाले होते. १८५० साली जोएल हॉटन याने लाकडी यंत्राचे पेटंट घेतले. हाताने चाक फिरवले की भांड्यांवर पाणी उडे. भांडी फारशी निघत नसत. खरे काम केले ते इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन या बाईने. तिच्या घरी चिनी मातीची जुनी भांडी होती आणि घासताना त्यांचे टवके उडत. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कर्ज अंगावर आले आणि यंत्राचा छंद हा पोटापाण्याचा उद्योग झाला. तिने ताटे, कप, बशा मोजून त्यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले, ते एका चाकावर बसवले, चाक तांब्याच्या बंबात ठेवले आणि खालून साबणाचे गरम पाणी जोराने मारले. आधीच्या काही यंत्रांत ब्रश घासत, हिच्या यंत्रात पाणी घासे. हा तिचा शोध, आणि आजचे प्रत्येक यंत्र त्याच तत्त्वावर चालते. पेटंटची तारीख २८ डिसेंबर १८८६. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रे तिथल्या उपाहारगृहांची भांडी धूत होती आणि तिला तिथे बक्षीस मिळाले.

गिऱ्हाईक मिळाले ते हॉटेलांचे. घरांनी यंत्र घेतले नाही, आणि त्याचे कारण पुन्हा मोरीचेच होते: घरगुती बंबात एवढे गरम पाणी निघत नसे. कॉक्रन १९१३ साली वारली. तिची कंपनी १९२६ साली होबार्टकडे गेली आणि किचनएड या नावाने घरगुती यंत्र बाजारात यायला १९४९ साल उजाडले. मधल्या काळात इंग्लंडमध्ये विल्यम लिव्हन्सने १९२४ साली पुढून उघडणारे दार, तारेचे तबक आणि फिरता फवारा असलेले छोटे यंत्र केले. जर्मनीत मीलने १९२९ साली विजेवर चालणारे यंत्र काढले. तरीही घराघरांत गरम पाणी, पक्की गटारे आणि कमी फेसाची पावडर पोचेपर्यंत ते श्रीमंतांचेच राहिले. पाश्चात्त्य मध्यमवर्गात ते रुळायला १९७० चे दशक यावे लागले.

भारतात १९९० नंतर आयात खुली झाली आणि आयएफबीसारख्या कंपन्यांनी डिशवॉशर विकायला ठेवले. कपडे धुण्याचे यंत्र तोवर घरात आले होते आणि भरभर पसरतही होते. डिशवॉशर मात्र दुकानाच्या कोपऱ्यात राहिला. परदेशी राहून आलेल्या मराठी कुटुंबांनी तो पाहिलेला असे, पण इथे घेण्याचे धाडस थोड्यांनीच केले. पहिली अडचण भांड्यांच्या घडणीची होती. युरोपातले तबक उथळ बशांसाठी, आपले ताट उभ्या काठाचे. वाटी खोलगट, पालथी घातली तरी दुसरीवर चढते. कढईला कान, कुकरला लांब दांडा. हळदीचे आणि तेलाचे डाग, तळाला धरलेला मसाला. दुसरी अडचण पाण्याची, तिसरी विजेची. सगळ्यांत मोठी अडचण हिशोबाची होती: भांडीवाली बाई महिन्याला जेवढे घेई तेवढ्यात यंत्राचा हप्ताही निघत नसे. मोरीवरचा हात स्वस्त होता म्हणून यंत्र महाग वाटत होते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हा हिशोब एका रात्रीत मोडला. सोसायट्यांनी फाटके बंद केली, कामाला येणाऱ्या बाया घरी अडकल्या आणि बहुतेकींचा पगार थांबला. इकडे तीन वेळचे जेवण घरीच, आणि सिंकमध्ये ढीग. यंत्राची मागणी एकाएकी वाढली, माल अपुरा पडला, यंत्र आले तर ते बसवणारा माणूस येऊ शकत नव्हता. त्या वर्षापासून डिशवॉशर मराठी मध्यमवर्गाच्या विचारात आला. कंपन्यांनीही भारतीय भांड्यांची दखल घेतली: आडव्या होणाऱ्या काड्यांची तबके, उंच पातेल्यासाठी वरखाली होणारा वरचा कप्पा, आणि ७० अंशांपर्यंत पाणी तापवणारा, कढईच्या नावानेच ओळखला जाणारा धुण्याचा प्रकार. सप्टेंबर २०२५ मध्ये घरगुती डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

यंत्र बसवताना मात्र घराचा सारा जुना इतिहास समोर येतो. पूर्ण आकाराचे यंत्र ६० सेंटिमीटर रुंद आणि साधारण ८४-८५ सेंटिमीटर उंच असते. जुना कडप्प्याचा ओटा ३०-३२ इंचांचा, म्हणजे ७६ ते ८१ सेंटिमीटर, आणि त्याखाली दर दोन फुटांवर कडप्प्याचीच उभी फळी, जिच्यावर ओट्याचे वजन पेललेले असते. ती कापली तर ओटा खचतो. म्हणून जुन्या घरांत यंत्र ओट्याखाली जात नाही, ते ड्राय बाल्कनीतच जाते. तिथे नळ असतो, पण बादलीसाठी. त्याच्या जागी पाऊण इंचाच्या आट्यांचा दुतोंडी कॉक लावायचा, एक तोंड कपड्यांच्या यंत्राला, एक भांड्यांच्या.

पुढचा प्रश्न दाबाचा. अनेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असला की साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी नळाच्या तीन मीटरच वर असेल, तर वरच्या मजल्यावर जेमतेम ०.३ बार पोचतो आणि यंत्र पाणी भरता भरता थांबून नळाची खूण दाखवते. खालच्या मजल्यांवर हा त्रास नाही. चाळीत वरच्या मजल्याचा नळ आधी जाई, त्याचेच हे आजचे रूप.

सांडपाण्याची नळी जाळीत नुसती सोडून चालत नाही. ती जमिनीपासून दीड-दोन फूट वर नेऊन मग खाली वळवायची. तसे केले नाही तर सिंकचे किंवा मोरीचे घाण पाणी उलटे यंत्रात शिरू शकते, किंवा यंत्र पाणी भरत असतानाच ते नळीवाटे ओढले जाऊन बाहेर पडते. बाल्कनीच्या फरशीला उतार असतो, तो मोरीसाठी दिलेला; यंत्राला मात्र समतल जागा हवी. म्हणून यंत्राचे पुढचे पाय फिरवून, पाणसळ लावून ते सरळ करावे लागते. नाहीतर तळाशी पाणी एका बाजूला साचते आणि दार नीट बसत नाही. विजेला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि पक्के अर्थिंग हवे, कारण आतला हीटर दोन हजार वॉटच्या आसपास ओढतो. ओल्या बाल्कनीत अर्थिंगबाबत हयगय जिवावर बेतू शकते.

पाण्याचा जडपणा ही बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांची अडचण. जड पाण्यातले कॅल्शियम काचेवर पांढरा पापुद्रा धरते आणि हीटरवर थर चढवते. यंत्रात त्यासाठी रेझिनचे मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होतात. हे मीठ शुद्ध आणि जाड लागते, स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. बसवतानाच पाण्याचा जडपणा तपासून यंत्राचा आकडा लावायचा, मीठ भरायचे, आणि पहिली फेरी रिकामी चालवायची. पावडरीत मुख्य घटक धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. चुलीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट होते. रासायनिकदृष्ट्या ही सख्खी भावंडे. फवारा, उष्णता आणि विकरे सोबतीला आली एवढेच. भरलेले यंत्र एका फेरीत साधारण १० ते १५ लिटर पाणी घेते, म्हणजे चाळीतल्या बाईच्या एका बादलीएवढे.

क्षाराचे गुण आले तसे दोषही आले. ॲल्युमिनियमचा कुकर यंत्रात काळा पडतो, भांड्याची कल्हई उतरते, पितळ निस्तेज होते, लोखंडी तवा गंजतो. ही भांडी अजून सिंकमध्येच घासली जातात. स्टीलची ताटे, वाट्या, पेले, पातेली यंत्रात जातात. काम निम्मे उरते, आणि अनेक घरांत भांडीवालीचे येणे बंद न होता तिचे काम झाडलोट, पोळ्या, भाजी चिरणे याकडे वळते. जिथे ते बंद झाले तिथे तिचे एक घर गेले, आणि २००८ च्या कायद्यात त्याची भरपाई नाही.

नव्या इमारतींच्या नकाशात आता ड्राय बाल्कनीत भिंतीवर दोन जादा पॉइंट दाखवलेले असतात, एक वॉशिंग मशीनचा आणि एक डिशवॉशरचा, आणि दोन्हींच्या नळ्या खालच्या ज्या जाळीत उतरतात तिला प्लंबर आजही नहाणी ट्रॅपच म्हणतो.